शिंपीचे मासे: अडलेली ओळ सुटली

मंडळी, घरच्या जुन्या मोडी यादीतल्या ज्या ओळीवर सात महिने अडलो होतो ती परवा सुटली!

नव्यांसाठी थोडक्यात. बेळगावला लागून असलेल्या शहापूरच्या आमच्या जुन्या घरात आज्जीच्या फडताळात जुगाराची 21 टोकनं मिळाली, शिंपल्याची आणि माशाच्या आकाराची. 18व्या-19व्या शतकात चीनमधल्या कँटनचे कारागीर इंग्रज घराण्यांच्या ऑर्डरीवर अशी टोकनं कोरून देत. पत्त्यांच्या डावात पैशांऐवजी ती मांडायची. आमच्या माशांचे खवले इतके बारीक कोरलेत की भिंगाखालीही रेघ रेघेला चिकटलेली दिसत नाही. पोटावर ‘जे’ आणि ‘एच’ ही इंग्रजी अक्षरं एकमेकांत गुंफलेली. गालाला लावलं की गार लागतं.

पणजोबांनी बेळगावच्या कॅम्पातल्या, म्हणजे लष्करी छावणीतल्या, साहेबाला पत्त्यात हरवून हे मासे जिंकले, असं घरात सगळेच सांगत आलेत.

जुन्या कागदांच्या रुमालात मोडीतली दागिन्यांची याद आहे, शके 1841, माघ. (शकात 78 मिळवायचे, पण माघ म्हणजे इंग्रजी वर्ष पालटलेलं, म्हणून 79: 1920.) त्यात ‘नथ 1 वजन मासे 4’, ‘पाटल्या जोड 1 वजन तोळे 6’ आणि मग ‘शिंपीचे मासे 23’. बारा माशांचा तोळा, म्हणून मी हेही वजनच धरलं. त्यात मोडीत ऱ्हस्व-दीर्घ वेगळं नसतं, ‘शिंपी’ म्हणजे कुणी शिंपी असणार, त्याचं सोनं आमच्याकडे गहाण असणार, असा सगळा इमला मी रचला.

परवा याद पुन्हा उतरवताना दिसलं, बाकी प्रत्येक ओळीत ‘वजन’ आहे, इथंच नाही. शिंप्याचं असतं तर ‘शिंप्याचे’ लिहिलं असतं. शिंपी म्हणजे शिंपला, आणि हे मासे म्हणजे खरेच मासे, 23 नग! आणि पुढं ‘कांप लिलाव, रु. 3’.

म्हणजे जिंकलेले नव्हेत, विकत घेतलेले. शहापूर तेव्हा सांगली संस्थानात, कॅम्प इंग्रजांचा. तिथं जाऊन तीन रुपये मोजून पणजोबांनी हे घरी आणले, हे मला पैजेपेक्षा जास्त आवडलं.

आता उरलेले दोन. खानापूरच्या आत्याला फोन केला. “एक माझ्याकडं हाय की,” म्हणाली. रविवारी जाऊन पाहिला: शेपटीला भोक पाडून किल्ल्यांच्या जुडग्यात ओवलेला, खवले झिजून गुळगुळीत, ‘एच’ तेवढा शाबूत.

तेविसावा अजून मिळालेला नाही. पुढच्या आठवड्यात कॅम्पातल्या जुन्या थडग्यांवरची ‘जे. एच.’ नावं उतरवायला घेतोय.