आमची वाटचाल: आधी स्प्रिंग, मग कॅम

बाबांनी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात इंजिन दुरुस्तीसाठी शेड घेतली तेव्हा कामं यायची ती शेतावरच्या ऑइल इंजिनांची. ट्रकची इंजिनं मागून आली. आज आमच्याकडे सर्वांत जास्त येतं ते टाटाच्या गाड्यांतलं कमिन्स ६बीटी: ५.९ लिटर, सहा सिलिंडर, बारा व्हॉल्व्ह (हवा आत घेणाऱ्या आणि धूर बाहेर सोडणाऱ्या झडपा).

आमच्या धंद्याला वळण लागलं ते माझ्या एका चुकीमुळे. करूळ घाटानं कोकणात माल नेणारे एक गाडीमालक आले. चढाला गाडी ओढत नाही, ही तक्रार. हेच इंजिन अमेरिकेत १९८९ पासून डॉजच्या पिकअपमध्ये आलं, त्यामुळे तिकडे त्याचे तऱ्हेतऱ्हेचे कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारे दांडे, मिळतात. मालकांच्या नातेवाइकांनी त्यातलाच एक पाठवला होता. मी तो बसवून दिला.

आठवड्यात गाडी दारात परत. सकाळी स्टार्ट व्हायला त्रास, घाटात आधीपेक्षा सुस्त, वर काळा धूर. तो कॅम वरच्या आरपीएमसाठी, म्हणजे इंजिन जोरात फिरतं तेव्हासाठी बनवलेला होता. त्यात इनटेक, म्हणजे हवा आत घेणारा व्हॉल्व्ह उशिरा मिटतो. इंजिन हळू फिरत असताना आत घेतलेली थोडी हवा पुन्हा बाहेर ढकलली जाते, कॉम्प्रेशन घटतं. आणि भरलेला ट्रक घाट चढतो तो खालच्या आरपीएमवरच.

बाबांनी एवढंच विचारलं, "स्प्रिंगा मोजल्यास का?"

व्हॉल्व्ह मिटवणाऱ्या स्प्रिंगा मी मोजल्या नव्हत्या. हेड, म्हणजे व्हॉल्व्ह असतात तो इंजिनाचा वरचा भाग, उतरवलं. एक्झॉस्टच्या, म्हणजे धुराच्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा दबून ढिल्या पडल्या होत्या, दोन तर गुण्याला (काटकोनाच्या पट्टीला) लावल्यावर कललेल्या दिसल्या. गाडीला एक्झॉस्ट ब्रेक होता, धुराचा पाइप अडवून गाडी आवरणारा. उतारावर तो लावला की पाइपात दाब साठतो, आणि स्प्रिंग कमजोर असेल तर तो दाब मिटलेला व्हॉल्व्ह उचलतो. व्हॉल्व्ह पुन्हा सीटवर, म्हणजे तो मिटताना टेकतो त्या कड्यावर आदळतो. असा मार खाऊन सीटा गळत होत्या, चढाची ओढ तिथूनच गेली होती. सीटा केल्या, एक्झॉस्ट ब्रेकसाठी मिळतात त्या ६० पौंडी स्प्रिंगा घातल्या, कॅम मूळ मापाचा बसवला. सगळं आमच्या खर्चानं. त्या मालकांच्या गाड्या आजही आमच्याकडेच येतात.

तेव्हापासून स्प्रिंग टेस्टरवर दाब बघितल्याशिवाय आमच्याकडून एकही हेड बाहेर जात नाही. बसवलेल्या उंचीला दाब किती, आणि व्हॉल्व्ह पूर्ण उघडल्यावर वेटोळी एकमेकांना भिडत तर नाहीत ना, दोन्ही बघायचं. कडक स्प्रिंग म्हणजे चांगली स्प्रिंग, असं ड्रायव्हर मंडळींना वाटतं. मी त्यांना कॅमचा झिजलेला लोब, म्हणजे व्हॉल्व्ह उचलणारा उंचवटा, हातात देतो. जादा दाब शेवटी कॅम आणि त्यावर टेकून वर-खाली होणाऱ्या टॅपेटवरच येतो.

कॅम बदलायचा तर टॅपेटही नवे. या इंजिनाचे टॅपेट खालून बसतात. पुशरॉडच्या (टॅपेटवरून वर जाणाऱ्या सळयांच्या) भोकांतून लाकडी दांड्या घालून ते वर धरले की गाडीवरच कॅम निघतो, वेळ वाचतो. पण टॅपेट जुनेच राहतात आणि नवा लोब खातात. म्हणून आम्ही इंजिन खाली घेतो, गिऱ्हाईक दोन दिवस थांबलं तरी चालेल. शेवटी थंड इंजिनावर टॅपेट सेटिंग, म्हणजे व्हॉल्व्हवरची फट: इनटेक ०.२५ मिमी, एक्झॉस्ट ०.५१.

आता कॅम ग्राइंडिंगचं मशीन घ्यायचं मनात आहे. सध्या ते काम बाहेरून करून आणतो. पण प्रत्येक लोबची उचल डायल लावून मी स्वतः तपासतो, मगच कॅम इंजिनात जातो.