चारशे रुपयांचं फझ पेडल, तेही मे महिन्यात न रुसणारं

फझ पेडल म्हणजे इलेक्ट्रिक गिटारचा आवाज फाडून खरखरीत करणारा, पायाने चालू-बंद करायचा डबा. त्यात आवाज घडवणारं सामान जेमतेम तीस रुपयांचं असतं. बाकीचे पैसे जातात डबा, स्विच, सॉकेट आणि पॉट (फिरवून कमी-जास्त करायचा रेझिस्टर) यांत. स्वस्तात पेडल बनवायला निघालेले बहुतेक जण नेमकी उलटी काटकसर करतात. इंटरनेटवरून महागडा ‘व्हिंटेज’ ट्रान्झिस्टर मागवतात आणि सॉकेट मात्र दहा रुपयांचं लावतात. महिन्याभरात सॉकेट ढिलं होतं, पेडल खरखरतं आणि दोष बिचाऱ्या ट्रान्झिस्टरच्या माथी येतो.

त्या व्हिंटेज ट्रान्झिस्टरचं आधी उरकून टाकू. १९६६ साली आलेल्या ‘फझ फेस’ या पेडलमध्ये जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर होते, त्यामुळे आजही लोक जुन्या रेडिओतले एसी १२८ हे जर्मेनियम ट्रान्झिस्टर शोधत फिरतात. आवाज गोड असतो, यात वाद नाही. पण जर्मेनियममधून गळणारा करंट दर दहा अंश तापमानाला साधारण दुप्पट होतो. वीस अंशाला नीट बसवलेलं सर्किट सोलापुरात मे महिन्यात, पत्र्याच्या खोलीत, चाळीस अंशाच्या वर गेलं की गळती चौपटीच्याही पुढे जाते. मग आवाज गुदमरतो किंवा तुटक तुटक येतो. सिलिकॉनला ही व्याधी नाही म्हटलं तरी चालेल. म्हणून इथे साधा बीसी ५४७ बी हा सिलिकॉन ट्रान्झिस्टर घेतला आहे, दोन-तीन रुपयांचा. पाच घेऊन ठेवा.

सामानाची यादी मोठी नाही. रेझिस्टर (‘मेग’ म्हणजे मेगाओहम, ‘के’ म्हणजे किलोओहम): २.२ मेग एक, १ मेग एक, १० के एक, १ के एक, १०० ओहम एक, सगळे पाव वॅटचे. कंडेन्सर: १०४ लिहिलेले, म्हणजे १०० नॅनोफॅरडचे दोन, १०० पिकोफॅरडचा एक, २२ मायक्रोफॅरड २५ व्होल्ट एक, १०० मायक्रोफॅरड २५ व्होल्ट एक. डायोड १एन ४१४८ दोन. पॉट दोन: गेनसाठी, म्हणजे सिग्नल किती पट वाढवायचा त्यासाठी, १ के लिनियर (वर ‘बी’ लिहिलेलं असतं) आणि व्हॉल्यूमसाठी १०० के लॉग (‘ए’). झिरो पीसीबीचा (भोकंच भोकं असलेल्या कोऱ्या सर्किट बोर्डाचा) छोटा तुकडा, ९ व्होल्टची बॅटरी आणि तिची क्लिप. सोलापूरच्या नवी पेठेत जाऊन ‘गिटारचं सॉकेट’ मागितलंत तर दुकानदार तोंडाकडे बघत राहील. ‘पी-३८ फिमेल, चेसिसवर बसणारं’ म्हणा, लगेच काढून देईल. एक मोनो घ्या आणि एक स्टीरिओ. स्टीरिओ का, ते पुढे येईल. पायाने दाबायचा नऊ पिनांचा थ्रीपीडीटी स्विच गावात मिळेलच असं नाही. तो ऑनलाइन मागवावा लागतो आणि यादीत सगळ्यात महाग तोच.

आता जोडणी. इनपुटकडून येणारी वायर आधी १ मेगने ग्राउंडला (सर्किटच्या सामाईक मायनस बाजूला) बांधा. नाहीतर स्विच दाबताना स्पीकरमध्ये ‘टप्प’ असा आवाज होतो. तिथून १ के, मग १०० नॅनोफॅरड, मग ट्रान्झिस्टरचा बेस (त्याच्या बेस, कलेक्टर, एमिटर या तीन पायांपैकी एक). बेस आणि कलेक्टरच्या मध्ये २.२ मेग. कलेक्टरपासून पॉझिटिव्हला १० के. एमिटर गेन पॉटच्या तिसऱ्या पिनेला, पहिली पिन ग्राउंडला, मधली पिन २२ मायक्रोफॅरडच्या प्लसला आणि त्याचं मायनस ग्राउंडला. कलेक्टरपासून दुसरा १०० नॅनोफॅरड बाहेर काढा. त्याच्या पुढच्या टोकापासून ग्राउंडला दोन डायोड, एकमेकांना उलटे. तेच टोक व्हॉल्यूम पॉटच्या तिसऱ्या पिनेला, पहिली ग्राउंडला आणि मधली म्हणजे आउटपुट. पॉटच्या पिना मोजताना दांडा आपल्याकडे आणि पिना खाली धरायच्या, डावीकडची पहिली. बॅटरीच्या प्लसपासून सर्किटपर्यंत १०० ओहम, आणि त्याच्या पुढे १०० मायक्रोफॅरड ग्राउंडला.

बीसी ५४७ ची सपाट बाजू आपल्याकडे, पाय खाली: डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. त्याऐवजी २एन ३९०४ घातलात तर क्रम बरोबर उलटा होतो. उलटा बसलेला ट्रान्झिस्टर मरत नाही, हीच पंचाईत आहे. तो अगदी क्षीण, फाटका आवाज देत राहतो आणि माणूस दिवसभर कंडेन्सर बदलत बसतो.

सोल्डर मारताना आधी रेझिस्टर, मग कंडेन्सर, ट्रान्झिस्टर सगळ्यात शेवटी. २५ वॅटचं आयर्न पुरतं. टोक आधी पाय आणि तांबं या दोघांना एकदम टेकवा, दोन सेकंद थांबा आणि मग सोल्डर वायर लावा. आयर्नवर सोल्डर वितळवून थेंबासारखं टाकलं की ते गोळा होऊन वर बसतं, खाली धरत नाही. असा जोड दिसतो झकास, आणि पेडलवर पाय पडला की सुटतो. चांगला जोड पायाभोवती उतरत गेलेला, चकचकीत असतो.

डब्यात बसवण्याआधी मल्टिमीटर लावाच. नवी बॅटरी जोडा, मीटरची काळी पिन ग्राउंडला, लाल कलेक्टरला. साडेतीन ते सव्वापाच व्होल्टमध्ये काहीही आलं तरी उत्तम. बीसी ५४७ च्या ‘बी’ गटातल्या ट्रान्झिस्टरांचा गेन (करंट किती पट वाढतो ते) २०० ते ४५० असा पसरलेला असल्याने एवढा फरक पडणारच. दोनच्या आसपास आलं तर २.२ मेगच्या जागी २२० के लागला आहे असं समजा. पहिला लाल-लाल-हिरवा, दुसरा लाल-लाल-पिवळा, आणि रात्री ट्यूबलाइटखाली हिरवा-पिवळा ओळखणं कठीण जातं. लावण्याआधी प्रत्येक रेझिस्टर मीटरवर बघण्याला पर्याय नाही. आठ-नऊ व्होल्ट आले तर ट्रान्झिस्टर उलटा आहे, २.२ मेगचा जोड सुटला आहे, किंवा एमिटर ग्राउंडपर्यंत पोचलेला नाही.

व्होल्टेज बरोबर पण आवाज नाही, असं असेल तर एक जुनी क्लृप्ती वापरा. अँपला (अँप्लिफायरला) जाणाऱ्या केबलच्या टोकाला एक सुटा १०४ कंडेन्सर जोडा आणि त्याचा दुसरा पाय सर्किटवर इनपुटपासून एकेका ठिकाणी टेकवत जा, गिटार कुणाला तरी वाजवत ठेवायला सांगून. केबलचं ग्राउंड सर्किटच्या ग्राउंडला जोडलेलं असू द्या आणि अँपचा आवाज कमी ठेवा. जिथे आवाज गायब होतो, तिथेच चूक असते.

डबा लोखंडाचा किंवा अॅल्युमिनियमचा हवा. शेंगाचटणीचा प्लास्टिकचा डबा मापात अगदी बरोबर बसतो, मोह होतो, पण प्लास्टिक बाहेरचा हम (विजेच्या उपकरणांची घुमणारी घरघर) अडवत नाही. हे सर्किट पूर्ण गेनवर सिग्नल दीडशे-दोनशे पट करतं, हमसुद्धा तेवढाच. प्लास्टिकच वापरायचं असेल तर आतून अॅल्युमिनियम फॉइल चिकटवून ती ग्राउंडला जोडावी लागेल, आणि फॉइलला सोल्डर धरत नाही. स्क्रूखाली वायर दाबून घ्या. धातूच्या डब्याला सॉकेटसाठी १० मिलिमीटर, लहान पॉटसाठी ७ आणि स्विचसाठी १२ मिलिमीटरचं भोक लागतं. पातळ पत्र्यावर एकदम मोठा बिट लावला की पत्रा फाटून वर येतो. खाली लाकडाचा ठोकळा ठेवा, पंच मारा, ३ मिलिमीटरने सुरुवात करा आणि मग वाढवत जा. सॉकेट जिथे बसतं तिथला आतला रंग खरवडून काढा, नाहीतर डबा ग्राउंडला लागतच नाही.

आता स्टीरिओ सॉकेट. ते इनपुटला लावायचं: टिप सिग्नलला, मागची बाजू ग्राउंडला आणि मधली रिंग बॅटरीच्या मायनसला. गिटारच्या केबलची साधी मोनो पिन आत गेली की रिंग आणि ग्राउंड आपोआप जोडले जातात, काढली की बॅटरी बंद. वेगळा स्विच नको. सर्किट अर्धा मिलिअँपही खात नाही. पेडल चालू आहे हे दाखवायला लाल एलईडी ४.७ केमधून लावला तर त्याचे दीड मिलिअँप वर, म्हणजे दिवा सर्किटच्या तिप्पट खातो. केबलची पिन रात्रभर आत राहिली तर काय होईल याचा हिशेब यावरून करा.

थ्रीपीडीटीच्या नऊ पिना तीन-तीनच्या तीन ओळींत असतात आणि प्रत्येक ओळीतली मधली पिन कॉमन. ओळ उभी की आडवी ते मीटरच्या बीपने तपासा. अंदाजाने लावू नका. पहिल्या कॉमनला इनपुट सॉकेट, दुसऱ्या कॉमनला आउटपुट सॉकेट. एका बाजूला सर्किटचं इनपुट-आउटपुट, दुसऱ्या बाजूच्या दोन पिना एकमेकींना जोडलेल्या. तिसरी ओळ एलईडीची. सोल्डर करताना एका पिनेवर तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबू नका. आतलं प्लास्टिक मऊ होऊन संपर्क अडकतो आणि दीडशे-दोनशे रुपयांचा स्विच पेडलवर चढण्याआधीच गेलेला असतो.

जुन्या सेट-टॉप बॉक्सचा १२ व्होल्टचा अॅडॉप्टर घरात पडून असतो, तो लावायची इच्छा होते. कंडेन्सर २५ व्होल्टचे असल्याने सर्किट ते सहन करेल, पण असे बरेच अॅडॉप्टर बारीक शीळ घालतात आणि फझ ती शीळ मोठी करून ऐकवतो. शिवाय त्यांच्या पिनेत आत प्लस असतं, तर गिटार पेडलच्या अॅडॉप्टरमध्ये बहुधा आत मायनस. गल्लत झाली की इलेक्ट्रोलिटिक, म्हणजे प्लस-मायनसवाले मायक्रोफॅरडचे कंडेन्सर, उलटे लागतात. बॅटरी बरी.

पेडलमधून मधूनच रेडिओचं बोलणं ऐकू येतं, त्यात भुताटकी काही नाही. ट्रान्झिस्टरचं बेस-एमिटर जंक्शन डायोडसारखं वागून एएम रेडिओ पकडतं. त्यासाठीच इनपुटला १ के आहे. यादीतला १०० पिकोफॅरडचा कंडेन्सरही त्यासाठीच, तो बेस आणि एमिटरच्या अगदी पायाशी लावा. हम मात्र येत असेल तर गिटारचा व्हॉल्यूम शून्यावर आणून बघा. हम गेला तर दोष पिकअपचा (तारांखाली बसवलेल्या, आवाज उचलणाऱ्या चुंबकी भागाचा). आसपास यंत्रमाग, फ्रीज किंवा चोकवाली ट्यूब चालू असेल तर सिंगल कॉइल पिकअप ते उचलतंच. पेडल उघडून उपयोग नाही, उभं राहायची दिशा बदला.

गेनचा पॉट शेवटच्या पाव फेरीतच खरी मजा देतो, हे लिनियर पॉटचं वळण आहे. तिथे सर्किटचा इनपुट इम्पिडन्स (येणाऱ्या सिग्नलला होणारा विरोध) सहा-सात किलोओहमपर्यंत उतरतो, म्हणून हे पेडल गिटारनंतर सगळ्यात पहिलं ठेवायचं. गिटारचा व्हॉल्यूम थोडा खाली घेतला की फझ छान निवळतो. आवाज पातळ वाटला तर इनपुटचा १०४ काढून २२४ (२२० नॅनोफॅरड) लावा. खर्ज फार चिकट झाला तर २२ मायक्रोफॅरडच्या जागी १०. डायोडच्या जागी दोन लाल एलईडी लावले तर आवाज मोठा आणि मोकळा होतो, कारण ते ०.६ ऐवजी सुमारे १.८ व्होल्टला सिग्नल कापतात. डब्याला भोक नसेल तर बंद डब्यात ते लुकलुकतात, दिसत कुणालाच नाहीत.