एकाच्याच हातात हळू चालणारी गाडी

भिवंडीच्या एका गोडाऊनमधली जुनी बीओपीटी, म्हणजे हँडल धरून चालत न्यायचा बॅटरीवरचा पॅलेट ट्रक. कंप्लेंट एकच, स्पीड नाही. माझ्या आधी कुणीतरी येऊन नवा बॅटरी सेट गळ्यात मारून गेला होता. स्पीड नाही म्हटलं की बॅटरी बदला, आमच्या लाइनमध्ये यावर बऱ्याच जणांची घरं चालतात.

उभ्या गाडीला मीटर लावून 25 व्होल्ट दिसले तर त्याला काही अर्थ नसतो हो, भरलेलं पॅलेट उचलून गाडी चालू असताना कंट्रोलरच्या, म्हणजे मोटरचा स्पीड सांभाळणाऱ्या डब्याच्या, मोठ्या टर्मिनलवर बघायचं असतं. तिथे 24 च्या जेमतेम खाली गेलं, म्हणजे बॅटरी ठणठणीत. मोटरवरचा ब्रेक खट् करून सुटत होता, गरमही नव्हता, मोटरचे कार्बन ब्रश शिल्लक होते, कंट्रोलरच्या एलईडीवर एकही एरर कोड नाही.

सुपरवायझर म्हणाला, "तो उंच पोरगा कामचुकार आहे, दुसऱ्याच्या हातात बघा कशी पळते." आणि खरंच पळत होती! दोघांना आळीपाळीने चालवायला लावलं तेव्हा दिसलं, उंच पोरगा हँडल जवळजवळ उभं धरतो, अजून जरा उभं केलं असतं तर ब्रेकच लागला असता, आणि दुसरा बुटका, तो चांगलं खाली ओढून चालतो. मग बटण दाबून ठेवून मीच हँडल हळूहळू वर नेलं तर एका ठरावीक जागी मोटरचा आवाज पडायचा.

हँडलच्या बुडाशी वायरिंग वळतं तिथलं स्लीव्ह कापलं. कासवाच्या स्विचची, म्हणजे गाडी मुद्दाम हळू चालवायच्या बटणाची, वायर बाहेरून अख्खी, ओढली तर रबरासारखी ताणली, आत तांबं तुटलेलं. ह्या मॉडेलला ते सर्किट जोडलेलं असेल तरच फुल स्पीड, तुटलं की कासव. सेफ्टीला ते बरोबरच आहे, पण कंट्रोलरला वाटतं कुणीतरी कासवाचं बटण दाबलंय, मग तो कोड कशाला देईल?

जोड मारला नाही, वळणावर सोल्डर केलं की त्याच्या शेजारी परत तुटतं, म्हणून लवचिक वायर वरपासून खालपर्यंत नवीन ओढली. बाकीच्या वायरी त्याच वयाच्या आहेत, पूर्ण हार्नेस बदला म्हटलं तर मालक कोटेशन बघून गप्प, बॅटरीला मात्र पैसे निघाले होते.

निघताना सुपरवायझरला विचारलं, त्या पोराचे पैसे कापले होते का, तर म्हणे "ते ऑफिसचं मॅटर आहे, तुम्ही चलानवर सही घ्या."