दीड गुणाची अपनती

स्मरणिकेसाठी दोन पानं लिहून द्या, असं संपादक मंडळानं कळवलं आहे. ही दोन पानं मी दीड गुणावर खर्च करणार आहे.

नववीच्या सहामाहीत भूगोलाच्या पेपरात, खडकांच्या थरांना पडणाऱ्या वळ्यांवर, ‘अपनती व अभिनती यांतील फरक स्पष्ट करा’ असा तीन गुणांचा प्रश्न होता. अपनती म्हणजे डोंगर, अभिनती म्हणजे दरी, असं मी ठणकावून लिहिलं. आकृतीही काढली. भूगोलाच्या बाईंनी दीड गुण कापला आणि समासात लाल शाईनं एकच शब्द लिहिला : ‘कशावरून?’ मी पेपर घेऊन भांडायला गेलो. वर आलेला भाग अपनती, खाली गेलेला अभिनती, हे पुस्तकातच होतं की!

बाई भांडल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी खेळायच्या रंगीत मातीच्या तीन जाड पट्ट्या घेऊन आल्या आणि टेबलावर एकावर एक ठेवल्या. खाली लाल, मध्ये पिवळी, वर निळी.

“कोणता थर आधी साचला?”

“लाल.”

“म्हणजे सगळ्यात जुना?”

“लालच.”

मग त्यांनी दोन्ही तळहातांनी दोन बाजूंनी दाबलं. माती मध्ये फुगून वर आली. “ही अपनती. मान्य?” मान्य. त्यांनी माझ्याच कंपासपेटीतली पट्टी घेतली आणि तो फुगवटा आडवा कापून बाजूला ठेवला. राहिला सपाट पृष्ठभाग : मधोमध लाल पट्टा, त्याच्या दोन्ही बाजूंना पिवळा, त्यापलीकडे निळा.

“डोंगर गेला. अपनती गेली का?”

मी गप्प. पट्टीला चिकटलेली निळी माती पुढे कित्येक दिवस निघाली नाही.

थर वर वाकलेले आणि पोटात जुना खडक, ती अपनती. खाली वाकलेले आणि पोटात नवा, ती अभिनती. उंचीचा संबंध नाही. वेल्समधल्या स्नोडन शिखराचे खडक अभिनतीत वाकलेले आहेत, हे मला पुढे कॉलेजात कळलं. वलीच्या, म्हणजे थरांच्या वाकलेल्या घडीच्या, माथ्यावर खडक ताणला जातो, तिथे भेगा पडतात, आणि ऊन-पाऊस-बर्फ तिथूनच पोखरायला सुरुवात करतात. तळातला खडक दाबला गेलेला असतो, तो तग धरतो. कोट्यवधी वर्षांनी उलटापालट होते आणि वलीचा खळगा शिखर म्हणून मिरवतो. हे वाचताना मला स्नोडन नव्हे, ती लाल-पिवळी-निळी माती दिसत होती. दीड गुण मात्र बाईंनी वाढवून दिला नाही, याची इथे नोंद असावी.

प्रस्तरभंगाच्या धड्याला बाईंचे दोन प्रश्न ठरलेले. पहिला : हललं का? खडकाला नुसती भेग पडली तर तो प्रस्तरभंग नव्हे. भेगेच्या दोन बाजू एकमेकींपासून सरकल्या पाहिजेत. दुसरा : ओढलं की ढकललं? ओढलं असेल तर तिरक्या भेगेच्या वरचा भाग खाली घसरतो, ढकललं असेल तर तोच भाग वर चढतो. पहिल्याला ‘सामान्य’ म्हणतात, दुसऱ्याला ‘व्युत्क्रम’. ‘सामान्य’ या नावावर माझा अजून राग आहे. हिमालयाच्या पायथ्याशी दाबानं वर चढलेले खडकच जिथे तिथे. तिथे सामान्य ते कोण आणि उलटे ते कोण? त्यापेक्षा खाणकामगारांनी दिलेली नावं बरी. तिरक्या भेगेत उभं राहिलं की डोक्यावर झुकलेली ती ‘हँगिंग वॉल’, पायाखाली येते ती ‘फुटवॉल’. त्यांत सिद्धान्त नाही, फक्त तिथे उभा असलेला माणूस आहे.

गटपर्वत (प्रस्तरभंगाच्या बाजूला उंच राहिलेला भाग) आणि खचदरी (दोन प्रस्तरभंगांमधला खचलेला भाग) आम्ही जोडीनं पाठ केले : मध्ये ऱ्हाइनची दरी खचलेली, एका बाजूला व्हॉज, दुसरीकडे ब्लॅक फॉरेस्ट. त्यावर गुण मिळाले, तेव्हा तक्रार नाही.

भूकवचाच्या ‘मंद हालचाली’ आणि ‘शीघ्र हालचाली’ हे शब्द मात्र मला कायम निर्जीव वाटत. पुढे दोन गोष्टी वाचल्या आणि ते हलले. तापमापकामुळे आपल्याला माहीत असलेल्या सेल्सियसनं १७३१ मध्ये स्वीडन आणि फिनलंड यांच्यामधल्या बॉथ्नियाच्या आखाताच्या काठी एका खडकावर पाण्याच्या पातळीची खूण कोरवली. समुद्र उतरतोय, असं त्याचं मत. खरं तर समुद्र उतरत नव्हता, जमीनच वर येत होती : हिमयुगातल्या जाड बर्फाचं ओझं वितळून गेलं आणि दबलेलं भूकवच अजून सावरतंय. त्या आखाताच्या उत्तर भागात वर्षाला जवळजवळ ९ मिलिमीटर. याउलट १९६४ च्या अलास्कातल्या भूकंपात मॉन्टेग्यू बेटाचा काही भाग १० मीटरहून जास्त वर उचलला गेला, तोही अवघ्या काही मिनिटांत. दोन्ही हालचाली उभ्याच, दोन्ही वरच.

मी आता खडकांचे नकाशे करतो. रोजचे शब्द दोन, नती (थराचा उतार) आणि नतिलंब. उघड्या थरावर बाटलीतलं थोडं पाणी ओतायचं. ते धावतं ती नतीची दिशा, आणि तिला काटकोनात जाते ती आडवी रेघ म्हणजे नतिलंब. होकायंत्र त्यानंतर.

गेल्या वर्षी आमच्याकडे नव्यानं आलेल्या एका मुलीनं नकाशात थेट डोंगराच्या माथ्यावरून अपनतीची रेघ ओढली होती. मला नववी आठवली. समासात लिहिलं, ‘कशावरून?’ ती तरातरा भांडायला आली. वही उघडून तिनं माझ्यासमोर नोंदी ठेवल्या : दोन्ही उतारांवर नती बाहेरच्या बाजूला, आणि माथ्यावर सगळ्यात जुना खडक.

रेघ बरोबर होती. मी माझा ‘कशावरून?’ खोडला.