सामानावर कोण बसणार?

घरात वॉटर पार्कला जायचं ठरलं, की तिकीट केवढ्याला, गाडी कोणाची, निघायचं किती वाजता, यावर दोन दिवस खल होतो. एक प्रश्न मात्र कोणीच काढत नाही, कारण त्याचं उत्तर सगळ्यांनी गृहीत धरलेलं असतं. सामानावर कोण बसणार?

आमच्याकडे ते उत्तर कायम ‘आई’ असंच होतं. यंदाच्या मे महिन्यात ते बदललं, आणि तेही माझ्या मानेमुळे.

पण आधी आईची कारकीर्द. आमच्या मामाचं गाव बोरिवली. बाकीची मुलं सुट्टीत मामाकडे जाऊन विहिरीत डुंबायची, कैऱ्या पाडायची. आम्ही नाशिकहून निघायचो ते बोरिवलीच्या दोन खोल्यांत नऊ माणसं झोपायला. मात्र त्या दोन खोल्यांना एक ऐश्वर्य होतं : गोराईची खाडी जवळ, आणि खाडीपलीकडे एस्सेलवर्ल्ड. ते सुरू झालं १९८९ साली. टीव्हीवर त्याची जाहिरात लागली की आमच्या वर्गातली अर्धी मुलं ती तोंडपाठ म्हणायची आणि उरलेली अर्धी ‘आम्ही जाणारोत’ अशी थाप मारायची. १९९३ च्या सुट्टीत आम्ही खरंच गेलो. जेटीवरून लाँच, खाडीचा तो कुबट खारा वास, काठाने खारफुटी, आणि समोरून हळूहळू मोठे होत जाणारे पाळणे. मी अकरा वर्षांची. लाँचमधून उतरताना माझी एक चप्पल पाण्यात पडता पडता वाचली, एवढं सोडलं तर त्या दिवसात दुःखाचं काही नव्हतं.

(आता त्याच बाजूला विपश्यना पॅगोडाचा सोनेरी घुमट दिसतो. २००९ मध्ये त्याचं उद्घाटन झालं. आत एकही खांब नाही आणि आठ हजार माणसं एका वेळी गप्प बसू शकतात. एका अंगाला किंचाळायची सोय, दुसऱ्या अंगाला गप्प बसायची. माणसाला दोन्हींसाठी खाडी ओलांडून जावं लागतं, याची मला गंमत वाटते.)

तर त्या दिवशी आई एका झाडाखालच्या बाकावर बसली. बरोबर दोन मोठ्या पिशव्या, एक पाण्याचा थर्मास, मामीची पर्स, बाबांचं घड्याळ, आणि आम्ही एकेक पाळणा झाला की तिच्याकडे आणून टाकत गेलो त्या वस्तू : टोपी, रुमाल, खिशातली सुटी नाणी. संध्याकाळी निघालो तेव्हाही ती तिथेच होती. पुढे १९९८ मध्ये शेजारी वॉटर किंगडम झालं. तेव्हाही गेलो. तेव्हाही बाक, झाड, आई.

सामानावर बसणं ही कला आहे आणि ती शिकवून येत नाही. रेल्वेच्या फलाटावर, एसटी स्टँडवर, लग्नाच्या हॉलमध्ये जी पिढी ट्रंकांवर बसून मोठी झाली तिला ती उपजत असते. आईची पद्धत अशी : सगळ्यात जड पिशवीच्या बंदात उजवा पाय अडकवायचा. पर्स मांडीवर, तिच्यावर पदर. बाकीच्या पिशव्यांचे बंद एकमेकांत गुंतवायचे, म्हणजे चोराला न्यायच्या तर सगळ्याच न्याव्या लागतील. आणि शेजारच्या बाकावरच्या बाईशी पहिल्या दहा मिनिटांत ओळख काढायची. आमची ती एस्सेलवर्ल्डवारी आटोपली तेव्हा आईकडे विलेपार्ल्याच्या एका बाईंची कैरीच्या लोणच्याची कृती होती, आणि त्यांच्या धाकट्या नणंदेसाठी आमच्या नात्यातलं एक स्थळ.

आता माझी मान. गेल्या वर्षीपासून ती दुखते. डॉक्टरांनी गळ्याला पट्टा बांधायला सांगितला, तो मी पंधरा दिवस बांधला आणि कपाटात ठेवला. यंदा आम्ही शहराबाहेरच्या एका वॉटर पार्कला गेलो. मी, नवरा, दोन मुलं आणि बहात्तरीची आई. पहिल्याच घसरगुंडीच्या पायथ्याशी मोठा फलक होता. गरोदर स्त्रिया, हृदयविकार, रक्तदाब, पाठीचे व मानेचे विकार असणाऱ्यांनी या राइडवर जाऊ नये. असले फलक मी आयुष्यभर दुसऱ्यांसाठी लिहिलेले समजून वाचत आले. या वेळी त्यात माझं नाव होतं. आई तोच फलक शांतपणे वाचून म्हणाली, “मला यातलं काहीच नाही.” आणि हातातल्या पिशव्या तिने माझ्याकडे दिल्या.

खरं तर पिशव्यांची लढाई त्याआधी गेटवर होऊन गेली होती. बाहेरचे खाद्यपदार्थ आत नेता येत नाहीत. गेटवरच्या मुलाने आमच्या पिशवीतून चिवडा काढला, बिस्किटांचे पुडे काढले, आणि मग त्याचा हात आईच्या स्टीलच्या डब्यावर आला. त्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. “आजी, हे नाही चालणार,” तो म्हणाला. आईने पर्समधून गोळ्यांची पट्टी काढून त्याच्यासमोर धरली. “ही गोळी उपाशीपोटी घेता येत नाही बाळा. तुमच्या इथे पिझ्झा मिळतो ना? तो खाऊन मला काही झालं तर तू येशील दवाखान्यात?” डबा आत आला. ती गोळी कॅल्शियमची होती, हे मला घरी आल्यावर कळलं.

मग कपडे. सुती चालत नाही, नायलॉनच हवं. सुताचे धागे सुटून गाळणीत अडकतात, रंग जातो, शिवाय भिजलेलं सुती कापड अंगावर जड होतं. कारण पटण्यासारखं आहे, पण परिणाम असा की तिकीट काढून आत आलेलं प्रत्येक कुटुंब अर्ध्या तासात भाड्याच्या कपड्यांत एकाच घराण्यातलं दिसायला लागतं. आईला मिळाला गुडघ्यापर्यंतचा फुलाफुलांचा झगा आणि खाली काळी विजार. आयुष्यात पहिल्यांदा तिला नऊवारी नाही, पाचवारी नाही, गाऊनसुद्धा नाही अशी बघत होते. ती आरशासमोर थोडी वळली. “बरंय,” म्हणाली. “खिसा नाही पण.”

खिसा नाही म्हणूनच बाकाला महत्त्व. लॉकर असतात, पण त्याचं भाडं आणि वर डिपॉझिट ऐकलं की मराठी माणसाला घरातलं एखादं माणूस मोकळंच आहे याची आठवण होते. तासाभरात माझ्याकडे जमा झालेला ऐवज : चार मोबाइल, गाडीची किल्ली, आईची सोनसाखळी आणि पाटल्या, तीन चष्मे, आणि शेजारच्या छत्रीखालच्या कुटुंबातल्या आजोबांची कवळी. ती त्यांनी एका रुमालात गुंडाळून, “ताई, दोन मिनिटं,” म्हणून ठेवली होती आणि नंतर दीड तास त्यांचा पत्ता नव्हता.

चष्म्यांचं मी गमतीने म्हणत नाही. वॉटर पार्कातली निम्मी माणसं चष्मा काढल्यामुळे आंधळी झालेली असतात. माझा नवरा उणे पाचचा. तो पाण्यातून वर आला, माझ्या दिशेने दोन्ही हात हलवले, मी हात केला, पण तो मला ओलांडून पुढच्या बाकावरच्या एका बाईंसमोर जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, “जरा टॉवेल दे गं.” त्या बाईंनी दिला. आजपर्यंत तो टॉवेल आमच्याकडेच आहे.

बाकावर बसून मला जे कळलं ते आत घसरणाऱ्या माणसाला कळत नाही. एक तर बाकावरचं माणूस राइड कानाने ओळखतं. वॉटर पार्काला लागून कोरड्या पाळण्यांचा भाग होता, तिथून रोलर कोस्टरचा आवाज यायचा. आधी सावकाश खट, खट, खट. ती साखळी गाडीला वर ओढत असते, आणि तो खटखटाट असतो खालच्या अडणीचा : साखळी तुटलीच तर गाडी मागे घरंगळू नये म्हणून दात्यांवर एकेक करून अडकत जाणारा खटका. म्हणजे ज्या आवाजाने वर बसलेल्याच्या पोटात गोळा येतो तो नेमका सुरक्षिततेचा आवाज आहे. टोकाला पोहोचली की साखळीचं काम संपलं. पुढे इंजिन नाही, काही नाही, नुसता उतार. क्षणभर शांतता, आणि मग किंचाळ्या. या प्रकाराचं मूळ रशियात, हिवाळ्यात लाकडी चौकटीवर बर्फ गोठवून केलेल्या उंच घसरगुंड्यांत आहे. फ्रेंच लोक रोलर कोस्टरला अजूनही ‘रशियन डोंगर’ म्हणतात. आणि रशियन लोक काय म्हणतात? ‘अमेरिकन डोंगर’. इतकी भीतिदायक वस्तू आपली आहे असं कबूल करायला कोणी तयार नसावं.

आकाशपाळण्याचं तसं नाही. तो आपला वाटतो, जत्रेतला. १८९३ मध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात फेरिस नावाच्या इंजिनिअरने उभारला तो २६४ फूट उंच होता, छत्तीस डबे आणि एकेका डब्यात साठ माणसं. आमच्या नाशिकला नवरात्रात कालिकेच्या जत्रेत लहानपणी मी बसले तो चार पेट्यांचा लाकडी, आणि फिरवायला एक काटकुळा माणूस. एका पेटीत चार मुलं कोंबून तो नुसत्या हाताने असा काही भिरकावायचा, की शिकागोच्या लोकांना जे डोळ्यांना दिसलं असेल ते आम्हाला पोटात कळायचं. आणि खाली उभी असायची आई. हातात आमच्या चपला.

दुपारी भोंगा वाजला. वेव्ह पूलचा. हा भोंगा म्हणजे शाळा सुटल्याची घंटा. जिथे असतील तिथून माणसं उठतात आणि त्या तलावाकडे पळतात. खोल बाजूच्या भिंतीमागे एक खोली असते, तिच्यात मोठे पंखे हवा दाबतात, हवा पाण्याला दाबते, सोडते, पुन्हा दाबते, की झाली लाट. गणपतीपुळ्याला ती फुकट मिळते आणि दिवसभर मिळते, हे नवऱ्याला मी सांगून पाहिलं. पण तिथे शिट्टी वाजवून “काका, पीछे, पीछे!” म्हणणारा लाल बनियनवाला नसतो, आणि हिंदी सिनेमातलं गाणं नसतं. लाटा आल्या. शंभरेक माणसं एका वेळी वर गेली आणि खाली आली. त्यात एक बँकेतला साहेब असणार, एक मुख्याध्यापिका, एक सासू, एक तिची सून. सगळ्यांचे केस कपाळाला चिकटलेले, आणि कोण कोण आहे ते सांगणाऱ्या सगळ्या वस्तू बाकावर, माझ्यासारखीच्या मांडीवर.

आई वेव्ह पूलमध्ये गेली नाही. “गर्दी फार,” म्हणाली. तिला हवी ती गोष्ट तिने केव्हाच हेरली होती. पार्काभोवती फिरणारा एक उथळ कालवा असतो, लेझी रिव्हर म्हणतात. ट्यूबमध्ये बूड टेकवायचं, पाय वर, आणि पाणी नेईल तिकडे जायचं. हातपाय हलवावे लागत नाहीत. लाइफगार्ड पोराने तिला दंडाला धरून ट्यूबमध्ये बसवलं आणि ती निघाली.

तो कालवा माझ्या बाकासमोरून जात होता. एका फेरीला आठ-नऊ मिनिटं लागत.

पहिल्या फेरीला आई ट्यूबमध्ये ताठ बसली होती, एसटीत बसते तशी. “पर्स मांडीवर घे. बाकावर नको ठेवू.”

मी घेतली.

दुसऱ्या फेरीला थोडी रेलली होती. “पिशवीच्या बंदात पाय अडकव! आणि त्या शेजारच्या बाईंना दशमी दे अर्धी.”

दिली. त्या जळगावच्या निघाल्या. त्यांच्याही मानेला पट्टा होता आणि तोही कपाटात होता.

तिसऱ्या फेरीला आई काही बोलली नाही. डोळे मिटलेले, बोटं पाण्यात सोडलेली. मी हाक मारली नाही.

चौथ्या फेरीला मीच म्हणाले, “आई, एस्सेलवर्ल्डला तू दिवसभर बाकावर होतीस. कंटाळली असशील ना गं?”

आईने डोळे उघडले. “दिवसभर कुठली? तुम्ही जेवून गेलात ना पुन्हा, तेव्हा त्या पार्ल्याच्या बाईंना सामानावर बसवलं आणि मी…”

आणि पाण्याने तिला वळणामागे नेलं.

मी उभी राहिले. पायात पिशवीचा बंद होता म्हणून परत बसले. तेहतीस वर्षं! आई कुठल्या पाळण्यात बसली असेल? एकटी? साडी नेसून? बाबांना माहीत होतं? आता विचारायला बाबा नाहीत. आठ मिनिटं इतकी लांब असू शकतात हे मला बाळंतपणानंतर पहिल्यांदाच जाणवत होतं. तेवढ्यात आजोबा आपली कवळी न्यायला आले, त्यांना भलत्याच रुमालाची गुंडाळी दिली, ती परत घेतली, बरोबर दिली. मान लांब करून करून दुखायला लागली.

आई आली. पण एकटी नव्हती. तिच्या ट्यूबला दुसरी एक ट्यूब येऊन टेकली होती, त्यात तशाच फुलाफुलांच्या झग्यातल्या एक आजी, आणि दोघींनी एकमेकींचे हात धरले होते, ट्यूब सुटू नयेत म्हणून. बोलणं रंगात आलेलं. कुणाच्या तरी सुनेचं चाललं होतं.

“आई! मग? कशात बसलीस तेव्हा?”

तिने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मांडीकडे, मग बाकाच्या टोकाकडे.

“अगं, डबा उन्हात आला. सावलीत घे.”