खिळे जुळवणाऱ्या आजीची नात

शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहा, असा निरोप आला आणि डोळ्यांसमोर उभ्या राहिल्या त्या आमच्या गणिताच्या बाई. आपलं नाव कुठं छापून यावं हे त्यांना कधी रुचलं नाही, म्हणून मीही लिहीत नाही. १९७९ च्या आसपास जे इथं होते, ते ओळखतील.

मी गंज पेठेतली. वडील भवानी पेठेत हमाली करायचे. आठवीत वर्गाचा पट ६२ आणि माझा बाक शेवटचा. बीजगणित सुरू झालं आणि मला काही कळेनासं झालं. एकदा फळ्यावर मी तिसऱ्यांदा तीच चूक केली, संख्या पलीकडे नेली पण चिन्ह तसंच ठेवलं. बाई चिडून म्हणाल्या, "जा, बस जागेवर. तुझ्याच्यानं व्हायचं नाही हे."

दुसऱ्या दिवशी हजेरी झाल्यावर त्यांनी मला उभं केलं. आता छडी बसणार असं वाटलं. पण त्या वर्गाकडे वळून म्हणाल्या, "काल मी हिला बोलले ते चुकलं. सगळ्यांसमोर बोलले, म्हणून सगळ्यांसमोर क्षमा मागते." मोठ्या माणसानं लहानाची क्षमा मागितलेली मी तोवर पाहिली नव्हती, ना घरात, ना गल्लीत.

त्याच वर्षी त्यांचा आवाज गेला. वर्षानुवर्षं मोठ्यानं बोलून स्वरयंत्रावर गाठी आल्या होत्या. डॉक्टरांनी बोलणं बंद करायला सांगितलं. बदली शिक्षक मिळेना, तेव्हा बाई रजा सोडून आल्या आणि एकही शब्द न बोलता शिकवू लागल्या. फळ्यावर तराजू काढला. एका पारड्यात क्ष आणि ३, दुसऱ्यात १०. डावीकडचे ३ पुसले, तराजू कललेला काढला आणि आमच्याकडे बघत थांबल्या. वर्गात टाचणी पडली तरी ऐकू आली असती. मागून मीच म्हणाले, "बाई, उजवीकडचेही ३ काढायला पाहिजेत." त्यांनी खूण करून मला पुढे बोलावलं आणि खडू माझ्या हातात दिला. संख्या उडी मारून पलीकडे जात नाही, दोन्हीकडून सारखंच काढलेलं असतं, हे मला त्या तासाला समजलं. पुढे मी सातवीला शिकवताना निवृत्तीपर्यंत तोच तराजू काढत आले.

डी.एड. करून मी १९८८ साली नोकरीला लागले. तीन वर्षांतच मी मोडून गेले. १९९१ ची जनगणना झाली, पाठोपाठ निवडणुकीचं काम. वर्गात तिसरीची मुलं, त्यातल्या निम्म्यांना वाचता येईना. राजीनामा लिहिला आणि पर्समध्ये ठेवून पंचहौदाजवळ बाईंच्या घरी गेले.

बाई शिकवण्याला पाचारण म्हणायच्या. प्रभूनं दिलेलं बोलावणं. मी विचारलं, "बाई, तुम्हाला ते कायम ऐकू येतं?" त्या म्हणाल्या, "नाही गं. कित्येक सकाळी काहीच ऐकू यायचं नाही. मग मी प्रार्थना करायचे, डबा भरायचे आणि निघायचे."

मग त्यांनी आजीची गोष्ट सांगितली. १८९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून पंडिता रमाबाईंनी ज्या मुली आणल्या, त्यांतली ती एक. त्याआधी चारच वर्षं, १८९३ साली, धर्मांतराच्या संशयावरून रमाबाईंच्या पुण्यातल्या शारदा सदन या मुलींच्या शाळेतून पालकांनी मुली काढून नेल्या होत्या. (त्या पालकांची भीती निव्वळ खोटी होती असं मी म्हणणार नाही. आमच्या बाईंनी मात्र आम्हाला कधी धर्म बदला म्हटलं नाही.) "तेव्हा रमाबाई खचून थांबल्या असत्या, तर माझी आजी उपाशी मेली असती," बाई म्हणाल्या. आजी केडगावला रमाबाईंच्या मुक्ती आश्रमात वाढली आणि तिथल्या छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची शिशाची सुटी अक्षरं, जुळवायला शिकली. रमाबाईंनी हिब्रू-ग्रीकवरून मराठीत आणलेलं बायबल त्याच छापखान्यात छापलं गेलं. खिळ्यावरची उलटी अक्षरं आजी सरळ वाचावीत तशी वाचायची.

राजीनाम्याबद्दल बाई काहीच बोलल्या नाहीत. "वर्गात सगळ्यांत मागं कोण आहे?" एवढंच विचारलं. मी एका मुलाचं नाव घेतलं. तो अक्षरं आरशात दिसावीत तशी उलटी काढायचा. बाई उठल्या, फडताळातून एक डबी काढली. त्यात आजीचा शिशाचा एक खिळा होता, 'क' चा. "त्याला दे. शाईच्या पॅडवर दाबून कागदावर उठवू दे. बघू दे, उलटं सरळ कसं होतं ते."

दुसऱ्या दिवशी त्या मुलानं वहीची पाच पानं 'क' नं भरली. सहाव्या पानावर त्यानं पेन्सिलीनं स्वतः एक काढला. तो सरळ होता. खिळा परत द्यायला गेले तर बाईंनी घेतला नाही.

महोत्सवाच्या प्रदर्शनासाठी तो खिळा मी शाळेकडे देते आहे. सोबत शाईचं पॅडही आहे. कृपया काचेच्या कपाटात ठेवू नये. मुलांना हाताळू द्यावा.