भांडणाच्या आधीची वाटणी: अल्बर्टातल्या हटराइट वसाहतीत

कॅनडातल्या कॅलगरीहून दक्षिणेला लेथब्रिजच्या दिशेने निघालं की रॉकी पर्वताची निळी रेघ उजवीकडे बराच वेळ सोबत करते. नंतर तीही विरते आणि उरते फक्त सपाट जमीन. जुलैत कनोला या तेलबियेची शेतं पिवळीधमक असतात. वारा इतका, की गाडीचं दार दोन्ही हातांनी धरून उघडावं लागतं.

माझा मावसभाऊ कॅलगरीत राहतो. कोंबड्या, अंडी, नवे बटाटे तो कित्येक वर्षांपासून एका हटराइट वसाहतीकडून घेतो. हटराइट म्हणजे सगळी मालमत्ता सामायिक ठेवून एकत्र राहणारा एक ख्रिस्ती पंथ. त्याच्या ओळखीमुळे आम्हाला तिथे दुपारच्या जेवणाचं आमंत्रण मिळालं. वसाहतीचं नाव मी लिहीत नाही आणि फोटोही नाहीत. फोटो काढून घेणं त्यांच्यातल्या अनेकांना धर्माविरुद्ध वाटतं. वाहन परवान्यावरच्या फोटोवरून अल्बर्टातल्या एका वसाहतीचा खटला २००९ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. वसाहत तो हरली.

आत गेल्यावर पहिल्यांदा नजरेत भरतं ते मधलं भोजनगृह. त्याच्या आजूबाजूला लांबट घरं, त्यापलीकडे गोठे, कोंबड्यांच्या शेड, सुतारशाळा, धान्याची उंच कोठारं. यातलं काहीच कोणा एकाच्या नावावर नाही. माणसं खाजगी पगार घेत नाहीत, शेताचा पैसा एकाच तिजोरीत जातो. १५२८ मध्ये मोराव्हियात, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकात, वाटेवर असलेल्या निर्वासितांच्या एका गटाने जमिनीवर अंगरखा अंथरला आणि जवळ होतं नव्हतं ते त्यावर ठेवलं, तिथून ही रीत सुरू झाली. ज्याच्या नावाने हा पंथ ओळखला जातो त्या याकोब हुटरला १५३६ मध्ये ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकला जाळण्यात आलं. पुढे मोराव्हिया सुटलं, ट्रान्सिल्व्हेनिया सुटलं, युक्रेनही सुटलं. युक्रेनमध्ये तर १८१९ च्या सुमारास सामायिक मालकीच मोडली होती. ती पुन्हा उभी राहायला चाळीस वर्षं गेली. १८७४ पासून ते अमेरिकेत डाकोटाला आले. त्यातल्या बहुतेकांनी स्वतःची वेगळी शेतं घेतली. एकत्र राहिले ते जेमतेम चारशे, तीन वसाहतींत. आज कॅनडा आणि अमेरिकेत मिळून अशा सुमारे पाचशे वसाहती आहेत.

तीनाच्या पाचशे कशा झाल्या, हेच मला पाहायचं होतं.

घंटा झाली आणि पंगत बसली. एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बायका, आणि दोन्हीकडे वयाप्रमाणे क्रम. पंधरा वर्षांखालची मुलं वेगळ्या खोलीत जेवतात. प्रार्थना, भरपेट जेवण, पुन्हा प्रार्थना. पंधरा-वीस मिनिटांत सगळं आटोपलं. एवढ्या वेळात प्रत्येक चेहरा दिसतो, आणि कोण आलं नाही तेही लगेच कळतं.

गोठ्याची जबाबदारी असलेल्या गृहस्थांनी मला नंतर सगळं फिरवून दाखवलं. मी माणसांच्या संख्येबद्दल विचारताच ते हसले. दीडशेपर्यंत जाऊ द्यायचं नाही, असं त्यांचं म्हणणं. मला वाटलं होतं, कारण जागेचं किंवा धान्याचं असेल. कारण निघालं कामाचं. शेतीचा प्रमुख एकच, गाईगुरांचा एक, डुकरांचा एक, सुतारशाळेचा एक. माणसं वाढतात, पण प्रमुखाच्या जागा वाढत नाहीत. तिशीतला कर्ता पुरुष कुणाच्या तरी हाताखालीच राहिला, की कामाला टाळाटाळ सुरू होते, आपापल्या घराण्याचे गट पडतात आणि मतदानात ते दिसू लागतात. लहान समूहात डोळ्यांची शरम पुरते. मोठ्यात नियम करावे लागतात, आणि मग ते नियम पाळले जातात की नाही हे बघायला आणखी माणसं लागतात.

म्हणून शंभरी ओलांडली की जमीन शोधायला लागतात. जुन्या वसाहतीच्या पैशातून नवी जमीन, नवे गोठे, नवी घरं. यात कित्येक वर्षं जातात. मग कुटुंबांच्या दोन याद्या होतात. वयं, लहान मुलं, कसबी हात दोन्हीकडे सारखे पडतील असं पाहतात. प्रत्येक यादीला एक धर्मोपदेशक. हटराइटांच्या लेरर नावाच्या शाखेची पद्धत ऐकून मी थक्क झालो: दोन्ही याद्यांतली सगळी कुटुंबं सामान बांधतात, आणि मग चिठ्ठी टाकून ठरतं, जायचं कोणी आणि राहायचं कोणी. ज्याला राहायचं आहे तो बांधलेलं सामान पुन्हा सोडतो. कर्ज, गुरं, अवजारं, सगळं निम्मं निम्मं.

आपल्याकडे एकत्र कुटुंबाची वाटणी होते ती भावाभावांत अबोला आल्यावर, तलाठ्याकडे आणि वकिलाकडे खेपा घालत. इथे संबंध चांगले असतानाच वाटून घेतात. हे लोक टिकले त्यात श्रद्धेचा वाटा मोठा आहेच, पण त्यांची ही दूरदृष्टी मला तितकीच मोठी वाटते. अमेरिकेतल्या इंडियानात रॉबर्ट ओवेन या ब्रिटिश समाजसुधारकाने १८२५ मध्ये न्यू हार्मनी ही अशीच सामायिक वसाहत काढली. ज्याला यायचं त्याने यावं, असं खुलं आमंत्रण होतं. काही महिन्यांत आठशेच्या वर माणसं जमली. एकमेकांना धड ओळखतही नसलेल्या त्या गर्दीचा प्रयोग १८२७ पर्यंत संपलाही.

एक गोष्ट मात्र मनाला लागून राहिली. वसाहत कधी फुटणार, जमीन कुठे घ्यायची, हे मतदानाने ठरतं आणि मत फक्त बाप्तिस्मा झालेल्या पुरुषांना. बायकांना नाही. अख्खं स्वयंपाकघर आणि मळा ज्यांच्या जोरावर चालतो, त्यांना चिठ्ठी निघाल्यावर निघायचं तेवढं माहीत.

हे मी मळ्यात वाटाणे तोडणाऱ्या एका आजींना विचारलं. ठिपक्यांचा काळा रुमाल, हात सतत चालू. त्यांची सख्खी बहीण मागच्या फुटीत दुसऱ्या यादीत होती, आता दीड तासावर राहते. लग्नाला, मर्तिकाला आणि कोंबड्या साफ करायच्या मोठ्या कामाला त्या भेटतात. सुरुवातीची काही वर्षं कापणीला इथले हात तिकडे गेले, कारण तिथे मोठी मुलं कमी होती. आता तिकडचे इकडे येतात. या वसाहतीची माणसं पुन्हा शंभरावर गेली आहेत आणि जमीन महागली आहे. शेतीत आता पूर्वीएवढं काम उरलेलं नाही, म्हणून काही वसाहती कारखानदारीकडे वळल्या आहेत. पुढची जमीन कुठे मिळेल, असं मी विचारलं तेव्हा आजींनी उत्तरेकडे हात केला. पुरुष गेल्या आठवड्यात तिकडे पाहायला गेले होते, म्हणाल्या, पण पाणी कमी आहे.